एकोणसाठ हजारांची रेघ

मुंबईतल्या एखाद्या कुटुंबाची वर्षाची कमाई ५९,००० रुपयांच्या वर गेली, की रेशनच्या धान्यावरचा त्याचा हक्क संपतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली संसदेने केला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली आणि ‘प्राधान्य कुटुंब’ कोणाला म्हणायचं यासाठी राज्याने दोन आकडे ठरवले: ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. हा शहरी आकडा महिन्यावर आणला तर पाच हजारही भरत नाहीत. पाच माणसांच्या घरात वाटला तर माणशी दिवसाला बत्तीस रुपये येतात.

बत्तीस रुपये हा आकडा अनेकांना आठवत असेल. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं. शहरात दिवसाला ३२ रुपये खर्च करणारा माणूस गरीब धरता येणार नाही, असा त्यातला हिशेब होता. केवढा गहजब झाला होता तेव्हा! बत्तीस रुपयांत काय येतं याच्या याद्या छापून आल्या, आयोगाला खुलासे करावे लागले. पुढे तो आयोगच मोडीत निघाला. त्याचा हिशेब मात्र आपल्या रेशनिंग ऑफिसांत आजही तसाच चालू आहे आणि त्यावर कोणी ओरडताना दिसत नाही.

मुंबईत गरिबांसाठी योजना कमी आहेत असं मला वाटत नाही. पैसाही अगदीच नाही असं नाही. अडतं ते दारातच. गरीब कोणाला म्हणायचं हे ठरवणारी रेघ इतकी खाली ओढलेली आहे, की या शहरात राबून खाणारं कुटुंब खरं बोलून तिच्या आत बसूच शकत नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे, की उत्पन्नाच्या दाखल्यावर गरीब ठरवण्याची पद्धत सरकारने सोडावी. कोणाला द्यायचं नाही तेवढं स्वच्छ ठरवावं आणि बाकी सगळ्यांना द्यावं.

महिन्याला ४,९०० रुपयांत मुंबईत कोण राहतं? कुर्ला, गोवंडी, मालाडच्या मालवणीत दहा बाय बाराची खोलीसुद्धा या पैशांत भाड्याने मिळत नाही. डिपॉझिट वेगळं, दर अकरा महिन्यांनी नवं अ‍ॅग्रीमेंट वेगळं. बरं, हा आकडा राज्याच्याच किमान वेतनाशी ताडून पाहा. किमान वेतनाच्या दराने महिनाभर काम केलेला अकुशल कामगारसुद्धा या मर्यादेच्या दुपटीपलीकडे जातो. म्हणजे कामगार खातं ज्याला कायद्याने मिळालाच पाहिजे तेवढा पगार म्हणतं, तो हातात पडला की अन्नपुरवठा खातं त्याला गरिबांच्या यादीतून काढतं. मालक कायदा मोडून कमी पगार देत असेल तरच कामगाराचं रेशन टिकतं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. धान्य माणशी मोजून मिळतं, महिन्याला पाच किलो. उत्पन्नाची मर्यादा मात्र घरटी आहे. घरात दोन माणसं असोत की आठ, रेघ तीच. नवरा-बायको, तीन मुलं आणि गावाहून आलेली सासू अशा घरात दोघं कमावती असतात म्हणून ते घर अपात्र, असा हा प्रकार आहे.

विक्रोळी पार्कसाइटच्या टेकडीवर राहणाऱ्या एका ताईंचा अर्ज भरायला मी सोबत बसलो होतो. पवईच्या टॉवरांत चार घरची धुणीभांडी करतात. नवरा नाक्यावर उभा राहतो, महिन्यातले पंधरा-सोळा दिवस काम लागतं, पावसाळ्यात तेवढंही नाही. रेशनकार्डावर मुलांची नावं चढवायची होती आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. सेतू केंद्रातल्या मुलाने कागद पाहिले: आधार, अ‍ॅग्रीमेंट, खोलीमालकाच्या नावाचं लाइट बिल, स्वयंघोषणापत्र. मग त्याने विचारलं, “उत्पन्न किती टाकू?” ताईंनी बोटांवर हिशेब सुरू केला, या घरचे अडीच, त्या घरचे तीन. मुलाने हात वर करून थांबवलं. “मावशी, खरं सांगू नका. एकोणसाठच्या आत टाकतो.” त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, तो त्यांचं भलंच पाहत होता. खाली छापलेलं वाक्य मात्र असं होतं, की वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. ताईंनी त्याखाली सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, “दादा, एका मॅडम पाचशे वाढवणार म्हणतायत. घेऊ ना? त्यानं रेशन नाही ना जायचं?”

त्या प्रश्नाने मी आजही अस्वस्थ होतो. पगारवाढीची भीती वाटावी अशी कल्याणकारी व्यवस्था आपण उभी केली आहे. चार घरं राबणारी बाई पाचशे रुपयांची वाढ घ्यावी की नाही याचा विचार करते, कारण मुलांची नावं चढली तर घरातल्या पाच माणसांचं पंचवीस किलो धान्य म्हणजे बाजारभावाने महिन्याला हजाराच्या आसपास रक्कम आहे. त्या हजारात मोठ्या मुलीची शिकवणी होऊ शकते.

आणि तिला खोटं बोलायला कोणी लावलं? अर्ज भरून देणाऱ्याला खरं माहीत असतं, दाखला देणाऱ्या कार्यालयाला माहीत असतं, रेशन दुकानदाराला तर घराघराची कमाई तोंडपाठ असते. या सगळ्या साखळीत सही फक्त तिची असते. उद्या अपात्र कार्डांची शोधमोहीम निघाली तर पकडली जाणारही तीच. सरकारला ज्या दिवशी खर्च कमी करावासा वाटेल त्या दिवशी लाखो कार्डं नियमाप्रमाणे रद्द करता येतील, कारण नियमाप्रमाणे मुंबईतलं बहुतेक कार्ड अपात्रच आहे. हक्क म्हणून कायद्याने दिलेली गोष्ट अशी मेहेरबानीवर येऊन टेकते. वस्तीतल्या एजंटाचं फावतं ते इथंच. ‘साहेबांशी बोलून घेतो’ असं म्हणणाऱ्याला वस्तीत मान मिळतो, कारण कागदावर प्रत्येकाचंच काहीतरी लपवलेलं असतं.

आता याच राज्यात इतरत्र गरीब कोणाला म्हणतात ते पाहा. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशासाठी अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख रुपये आहे. लाडकी बहीण योजनेला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. धर्मादाय रुग्णालयांत १,८०,००० रुपयांपर्यंतचा रुग्ण निर्धन धरला जातो. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल घटकाची मर्यादा एक लाख. रेशनला ५९,०००. संजय गांधी निराधार योजनेला २१,०००. एकच कुटुंब म्हाडाच्या खिडकीवर अत्यल्प उत्पन्नाचं, दवाखान्यात निर्धन, शाळेत जेमतेम दुर्बल आणि रेशनिंग ऑफिसात खाऊनपिऊन सुखी ठरतं. खाती वेगळी असली तरी सरकार एकच आहे. घराची किंमत जास्त म्हणून म्हाडाची मर्यादा वर असावी, हे मला पटतं. पण घर परवडण्यासाठी सहा लाखांपर्यंत माणूस अडचणीत आहे हे ज्यांना समजतं, त्यांना पाच हजारांत घर चालवणारा उपाशी राहू शकतो हे समजत नाही, असं कसं मानायचं? धर्मादाय रुग्णालयांची मर्यादा पूर्वी ८५,००० होती, ती वाढवली गेली. म्हणजे मर्यादा वाढवता येतात. रेशनची वाढवलेली नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त टोचते ती निराधार योजनेची रेघ. १९८० साली ही योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राने फार मोठी गोष्ट केली होती. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने खचलेले, ज्यांच्यामागे कोणी नाही अशांना दरमहा रोख आधार देण्याची कल्पना त्या काळात देशात फारशी रुजलेली नव्हती. आज अनुदान १,५०० रुपये आहे, अपंगांना २०२५ पासून २,५००. बाकीच्यांचं २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झालं. पण अपंग सोडले तर बाकीच्यांना अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपये. नवरा वारल्यावर दोन मुलं पदरात असलेली बाई मुंबईत एका घरी पोळ्या करायला लागली तरी ती या मर्यादेबाहेर जाते. शेजारच्या खोलीतली, नवरा कमावता असलेली बाई अडीच लाखांच्या मर्यादेत लाडकी बहीण म्हणून तेच दीड हजार घेते. तिने ते घ्यावेत, ते तिच्या हक्काचे आहेत. पण निराधार बाईला लाडकी बहीण योजनेतून पैसे मिळाले तर निराधारचे घेता येत नाहीत, आणि निराधारचे दीड हजार मिळत असतील तर लाडकी बहीण बंद. म्हणजे नवरा गेल्याचा, आधार तुटल्याचा सरकारच्या हिशेबात वेगळा एक रुपयाही उरलेला नाही. केंद्राचं तर बोलायलाच नको: साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ महिन्याला २०० रुपये आहे. वरचा भार राज्य उचलतं म्हणून श्रावणबाळ या राज्याच्या योजनेतल्या म्हाताऱ्यांच्या हातात काही पडतं.

रेशनकडे परत येतो, कारण तिथं नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही. वस्तीतल्या कोणालाही विचारा, अर्ज नाकारला जातो तेव्हा कारण बहुधा एका शब्दात मिळतं: इष्टांक. कायद्याने प्रत्येक राज्याला किती लोकांना धान्य द्यायचं त्याचा आकडा बांधून दिला आहे. महाराष्ट्राचा इष्टांक ७ कोटी १६ हजार लोकांचा; त्यात शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्केच लोक बसतात. हा आकडा २०११ च्या जनगणनेवरून काढलेला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०११ नंतर जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, दुष्काळाने बीड-जालन्याहून आणि कामासाठी उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली कुटुंबं या सगळ्यांनी जुन्याच आकड्यात मावायचं आहे. कोणी मेलं किंवा कोणाचं नाव कापलं गेलं, तरच नव्या माणसाला जागा होते. पार्कसाइटच्या ताईंची दोन मुलं अशीच रांगेत आहेत. मुलगा आता पाचवीत गेला, सरकारच्या यादीत तो अजून जन्मलेलाच नाही.

मुंबईच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी आहे. २०११ मध्येच शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि दर पाच माणसांतली दोन झोपडपट्टीत राहत होती. राज्याच्या शहरी भागासाठी एकच उत्पन्नमर्यादा असल्यामुळे मुंबईतल्या माणसाला लातूर किंवा गोंदियाच्या खर्चाने मोजलं जातं. भाडं मुंबईचं, मोजमाप तालुक्याच्या गावाचं.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे गावाकडच्या कार्डावर मुंबईत धान्य उचलता येतं, आणि नाक्यावरच्या कामगारांसाठी हा मोठाच दिलासा आहे. कोविडमध्ये एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळालं, त्यावर या शहरातल्या लाखो चुली पेटत्या राहिल्या. जानेवारी २०२३ पासून नियमित धान्यही मोफत झालं आणि ती सवलत २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी वाढवली आहे. दहा रुपयांची शिवभोजन थाळी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार, वस्त्यांतले आपला दवाखाने, हे सगळं मी पाहिलं आहे आणि त्याचा उपयोग झालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. महात्मा फुले योजना तर आता सर्व रंगांच्या कार्डांना खुली आहे. उत्पन्नाची भानगड काढून टाकल्यावर दवाखान्यातला एक वाद संपला, हे तिथल्या कोणत्याही आरोग्यमित्राला विचारून पाहावं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचं सूत्र होतं मागेल त्याला काम. कामावर येणाऱ्याला कोणी दाखला विचारला नाही. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, एवढा पुरावा सरकारने पुरेसा मानला. या योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला, आणि तो मोठ्या प्रमाणात कोणाच्या खिशातून आला? मुंबईच्या कचेऱ्यांत, गिरण्यांत, बँकांत काम करणाऱ्या पगारदारांच्या. शहराने गावाच्या रोजगारासाठी पैसे द्यायचे हा करार मुंबईने मान्य केला आणि तीन दशकांनी देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. शहरातल्या नाक्यावर सकाळी आठ वाजता थापी घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र अशी हमी आजही नाही. केरळने २०१० मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगाराच्या योजना काढल्या. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या शहरासाठी तिचा विचार केलेला नाही. नालेसफाई, शाळांची डागडुजी, वस्त्यांतली पायवाट आणि संरक्षक भिंती. दरवर्षी पावसाआधी मुंबईत कामाला तोटा नसतो.

रेशनही मुळात सगळ्यांचंच होतं. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं ते शहरातल्या सर्वांसाठी. गिरणगावातला कामगार आणि गिरगावातला कारकून एकाच दुकानासमोर उभे राहत. तांदळात खडे निघाले, साखर कमी आली, की दोन्ही घरांतून आवाज उठायचा. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत चाळीतल्या होत्या आणि ब्लॉकमधल्याही होत्या. १९९७ मध्ये देशभर लक्ष्याधारित वितरण आलं, १९९९ मध्ये राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डं झाली. मध्यमवर्ग रांगेतून बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर त्याचा आवाजही गेला. आज रेशनवर काय येतं, किती येतं, दुकान महिन्यातले किती दिवस उघडं असतं, हे पांढऱ्या कार्डाच्या घरात कोणालाही माहीत नसतं. माझ्या मते या योजनेचं त्या वर्षांत झालेलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे, वाचलेल्या पैशांपेक्षा कितीतरी मोठं. तामिळनाडूने ती वाट धरली नाही. तिथं रेशन आजही सर्वांसाठी खुलं आहे, आणि तिथल्या रेशनवर निवडणुकीत हिशेब मागितला जातो.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशाचा. सर्वांना द्यायचं तर आणायचं कुठून? लाडकी बहीण योजनेला वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील असं सांगून सरकारने ती २०२४ मध्ये सुरू केली आणि काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात पैसे गेले. ते शक्य झालं कारण मर्यादा वाजवी होती, पिवळं किंवा केशरी कार्ड असलं तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नव्हती आणि अंगणवाडीताई अर्ज भरून घेत होत्या. मनात आणलं तर सरकार घरोघर पोचतं याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? धान्याच्या इष्टांकाबाहेर जाऊनही राज्याने मदत केलेली आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम दिली जाते. मग मुंबईतल्या नाका कामगाराला, घरेलू कामगाराला केंद्राच्या आकड्याचं कारण का सांगायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद असलेल्या आणि रेशनकार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी कामगारांना कार्डं देण्याचा आदेश दिला, तेव्हाही हाच इष्टांकाचा युक्तिवाद पुढे आला होता.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. ते आहेत, नाही कोण म्हणतं? चार मजली घर आणि दारात गाडी असलेला माणूस पिवळं कार्ड बाळगून असतो, वस्तीला ते ठाऊकही असतं. पण त्याला आजच्या दाखल्याने अडवलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला मिळवणं त्याच्यासाठी सर्वांत सोपं, कारण ओळख आणि पैसा दोन्ही त्याच्याकडे आहे. त्याला गाळायचं तर दिसतील आणि तपासता येतील अशा खुणा घ्याव्यात: घरात कोणी आयकर भरतो का, सरकारी किंवा पालिकेची कायम नोकरी आहे का, विशिष्ट क्षेत्रफळापेक्षा मोठा स्वतःच्या मालकीचा फ्लॅट आहे का. हे तपासायला तलाठ्याच्या अहवालाची गरज नाही, नोंदी सरकारकडेच आहेत. त्यात न बसणारं प्रत्येक घर पात्र.

या खुणा ठरवतानाही मुंबईकडे पाहून ठरवाव्या लागतील. लाडकी बहीण योजनेत घरात चारचाकी असेल तर अपात्र, ट्रॅक्टर मात्र चालतो. ट्रॅक्टर हे पोट भरण्याचं साधन आहे हे सरकारला कळलं, ते योग्यच झालं. पण कर्जाचे हप्ते फेडत टॅक्सी चालवणाऱ्याची गाडी हेही पोट भरण्याचंच साधन आहे. गावातल्या माणसाचं साधन वगळलं आणि शहरातल्या माणसाचं मोजलं, कारण नियम लिहिणाऱ्यासमोर शहरातला गरीब नव्हताच.

अंगठ्याचंही तेच. वर्षानुवर्षं सिमेंट कालवणाऱ्या, साबणात हात घालणाऱ्या माणसांचे ठसे झिजतात. रेशन दुकानातल्या ओळख पटवणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून दुकानातून परत पाठवलेली म्हातारी माणसं प्रत्येक वस्तीत आहेत. पर्यायी व्यवस्था नियमांत असते, दुकानात ती दिसत नाही. ई-केवायसी झाली नाही म्हणून नाव कापण्याआधी त्या घरी माणूस जाऊन आला पाहिजे, एवढी साधी अट घालायला काय हरकत आहे?

आयते खाऊन लोक आळशी होतील, असंही म्हटलं जातं. महिन्याला पाच किलो धान्यावर कोणी काम सोडलेलं मी पाहिलेलं नाही. पहाटे साडेपाचला पार्कसाइटवरून पवईकडे उतरणाऱ्या बायकांची रांग ज्याने पाहिली आहे तो असं बोलणार नाही.

मदतीला कामाशी आणि हक्काशी जोडण्याचा एक रस्ता मुंबईनेच दाखवलेला आहे. मशीद बंदर, दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाड्यांना एक मालक नव्हता, पगारपत्रक नव्हतं, दाखला तर नव्हताच. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस द्यायचा. तू किती गरीब आहेस हे कोणी विचारलं नाही, तू काम करतोस ना, एवढंच विचारलं. घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये राज्याने कल्याण मंडळाचा कायदा केला खरा, पण त्यात घरमालकाकडून नियमित लेव्ही नाही, त्यामुळे मंडळ सरकारच्या तुटपुंज्या मदतीवर राहिलं. बांधकाम कामगारांच्या मंडळाकडे एक टक्का उपकराचा पैसा आहे, तर तिथं वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्याला तो कोण लिहून देणार? पवईच्या एका सोसायटीत चाळीस-पन्नास बायका कामाला येतात. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये दर फ्लॅटमागे शे-दोनशे रुपये लेव्ही जोडली तर गेटवरच्या नोंदीवरून कोण कुठे काम करतं ते मंडळाला आयतं मिळेल, कारण ती नोंद आज मोबाइलवर रोज होतेच आहे.

जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ ठरली आहे. आकडे प्रसिद्ध होऊन नवा इष्टांक ठरेपर्यंत आणखी काही वर्षं जातील, आणि तोवर पार्कसाइटच्या त्या मुलाची शाळा संपत येईल. राज्य मंत्रिमंडळाला तोवर थांबण्याचं कारण नाही. ५९,००० आणि २१,००० हे दोन्ही आकडे राज्याचे स्वतःचे आहेत, एका शासन निर्णयाने ते रद्द करता येतात. इष्टांकाबाहेर राहिलेल्यांचं धान्य किंवा त्याची रोख किंमत १४ जिल्ह्यांत दिली तशी मुंबईतही देता येते. अन्न सुरक्षा कायद्यात दुकानपातळीपर्यंत दक्षता समित्या आणि सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर होणारी तपासणी, सांगितलेलं आहे. त्या समित्यांत रेशन घेणाऱ्या बायका बसवाव्यात, यादी दुकानाबाहेर लावावी आणि आक्षेप वस्तीसमोर ऐकावेत. मुंबईतल्या ३६ आमदारांपैकी प्रत्येकाच्या मतदारसंघात अशी वस्ती आहे. येत्या अधिवेशनात त्यांतल्या कोणीतरी अन्नपुरवठा मंत्र्यांना विचारावं, की ४,९१६ रुपयांत महिना काढणारं एक तरी घर त्यांनी या शहरात पाहिलं आहे का.